उभ्या मोटारीचं जेवण

“घोडा नुसता उभा राहिला तरी खातो! माझी मोटार उभी राहिली की पाण्याचा घोटसुद्धा मागत नाही!” तांबेघाट संस्थानचे राजे धैर्यशीलराव पागेच्या दारात उभे राहून गरजले. “मोटारीला वर्षाचं तीनशे रुपयांचं पेट्रोल टाकलं की झालं. आणि या बारा घोड्या? दोन हजार फस्त करतात! दसरा झाला की दुसऱ्याच दिवशी लिलाव!”

घोड्यांची निगा राखणारा राणू मोतद्दार खाली मान घालून ऐकत होता. घोड्या गेल्या की त्याची नोकरी जाणार आणि पागेमागची खोलीही. त्याची लेक ठकू राधा नावाच्या घोडीला खरारा करत होती. ती मात्र फिसकन हसली.

“कोण हसलं?”

“मी, सरकार. उभी मोटारसुद्धा खाते. या बारा जणींपेक्षा जास्त खाते!”

“खोटं! माझ्या वहीत मोटारीच्या नावावर फक्त पेट्रोल आहे,” खजिनदार तात्या म्हणाले.

“वहीत तुम्ही लिहाल तेच असणार की, तात्या!”

राजे हट्टाला पेटले. “असं? मग उभ्या मोटारीला खाताना दाखव! कागद नको, आकडे नकोत. माझ्या या डोळ्यांना दिसलं पाहिजे. दसऱ्याच्या दुपारपर्यंत मुदत. दाखवलंस तर घोड्या राहतील. नाहीतर त्यांच्याबरोबर तुम्ही बापलेकही बाहेर!”

राजे गेल्यावर राणूने कपाळावर हात मारला. “काय करून बसलीस, पोरी! मोटारीला तोंड तरी आहे का?”

“एक कुठलं, आबा? मोजायला बसले तर माझी बोटं पुरायची नाहीत!”

पुढचे आठ दिवस ठकू मोटारखान्यासमोरच्या चिंचेखाली चिंचोके खेळत बसली. कोण येतं, कोण जातं, एवढंच बघत होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती हातात अक्षता घेऊन राजवाड्यावर गेली.

“सरकार, उद्या पागेत घोड्यांना पुरणपोळीचा घास देतात. मोटारीलाही जेवायचं आमंत्रण करायला आले आहे. तुम्हीही या.”

“येऊ की!” राजे मिशीतल्या मिशीत हसले.

“रीतीप्रमाणे आमंत्रण सहकुटुंब सहपरिवार आहे हं!”

“मोटारीला कुठलं आलंय कुटुंब! जे असेल ते खुशाल वाढून घे. माझ्या मुदपाकखान्यातून!”

दुसऱ्या दिवशी मोटार झेंडूची माळ घालून पागेच्या अंगणात उभी होती. तिच्यासमोर पानांची रांग मांडली होती, ती पार विहिरीपर्यंत गेली होती. राजे दचकले.

“ही कुणाची वरात?”

“मोटारीचं कुटुंब, सरकार. हे ड्रायव्हर पेस्तनजी. हा मोटार पुसणारा, हा रात्री राखण करणारा. हे चौघं रस्त्यातले खड्डे बुजवतात. हा भिस्ती रस्त्यावर पाणी मारतो, नाहीतर मोटारीवर धूळ बसते. आणि हे सहा पैलवान!”

“पैलवान कशाला?”

“मोटार घाट चढताना मागून ढकलायला!”

पैलवानांनी मान डोलावली आणि चौथी पोळी मागितली. रांगेच्या टोकाला दोन बैल कडबा चघळत होते.

“अगं, बैल कशाला आणलेस?”

“पेट्रोलचे डबे स्टेशनवरून तेच आणतात, सरकार.”

“आणि हा टोपीवाला?”

“विमेवाला. मोटार मोडली तर पैसे देतो.”

“आणि मोडली नाही तर?”

“तर घेतो!”

पंगतीत हशा पिकला. ठकूने ड्रायव्हरला विचारलं, “पेस्तनजीशेठ, वर्षात मोटार किती दिवस पळाली?”

“एकोणीस दिवस, दीकरी. बाकी दिवस ती उभी, ने मी बेठेला!”

राजे अजून नमले नव्हते. “मग काय झालं? माझी मोटार एवढ्यांची पोटं भरते. पुण्यवानच म्हणायची!” तेवढ्यात त्यांची नजर पहिल्याच पानावर गेली. मानाचं पान, भोवती रांगोळी, पण पाटावर कुणीच नाही. “हे कुणाचं?”

“त्याचा पत्ता सौदागर सांगतील,” ठकू म्हणाली. उद्याच्या लिलावासाठी आलेला घोड्यांचा सौदागर कोपऱ्यात उभा होता. “काका, राधा घोडी तीन वर्षांपूर्वी दोनशेला घेतली होती. आज काय द्याल?”

“गाभण आहे. तीनशे देईन.”

“आणि ही मोटार? तीही तीन वर्षांपूर्वीच घेतलेली, आठ हजारांना.”

सौदागराने मोटारीला एक फेरी मारली, टायर दाबला, नाक मुरडलं. “दोन हजार. तेही सरकारांकडे बघून.”

“सहा हजार गेले कुठे?” राजे ओरडले.

“या पानावरचा पाहुणा खाऊन गेला, सरकार! वर्षाला दोन हजार. मोटार पळो की उभी राहो, तो रोज सगळ्यांच्या आधी जेवतो. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तर त्याचं रिकामं पान दाखवलं!”

तात्या बोटं मोजत पुटपुटू लागले. “पाहुण्याचे, म्हणजे घसाऱ्याचे दोन हजार... या सगळ्यांचे पगार, टायर, विमा मिळून बावीसशे... पेट्रोल तीनशे... साडेचार हजार!”

“आणि तीन वर्षं मला तीनशे सांगत होतात?”

“सरकारांनी पेट्रोलचंच विचारलं होतं,” तात्या हळूच म्हणाले.

राजे आधी तात्यांकडे बघत राहिले, मग रिकाम्या पानाकडे, आणि मग असे खदखदून हसले की राधा कान टवकारून बघू लागली. “हरलो! सौदागर, तुम्ही जेवा आणि घरी जा. घोड्या इथेच राहतील. राणू, पागा तुझी! आणि ठकू, तुला बक्षीस काय देऊ? ही मोटारच घेऊन जा!”

ठकूने दोन पावलं मागे सरत हात जोडले. “नको, सरकार! एवढा गोतावळा रोज जेवू घालायची माझ्या आबांची ऐपत नाही. राधेचं शिंगरू द्या. ते एकटंच जेवतं!”

राजे इतके हसले की त्यांचा फेटा सुटला. तोच फेटा त्यांनी राधेच्या गळ्यात बांधला आणि तिचं होणारं शिंगरू ठकूच्या नावावर केलं.