जाड आवाज मोठ्या खोलीत, बारीक आवाज कोठीत

एका गावात एक भोळा जावई होता, रंगोबा नावाचा. सांगितलेलं काम त्यानं आयुष्यात कधी टाळलं नाही. सासरच्यांची खरी अडचण तीच होती.

धाकट्या मेहुणीला, वैजूला, बघायला पाहुणे येणार होते. म्हणून रंगोबा बायकोला, कावेरीला, घेऊन सासरी आला. मुलगा, निरंजन, गाण्याचा वेडा. वैजूला त्याचा फोटो एवढा आवडला होता की ती तो पुन्हापुन्हा बघायची आणि कोणी आलं की उशीखाली सारायची. स्थळ हातचं जाऊ नये म्हणून घरदार कामाला लागलं होतं. सासरे विश्वासराव तर स्पीकरवेडे. असं गाणं ऐकवायचं, की पाहुण्यांनी उठायच्या आत होकार द्यावा!

"जावईबापू, हा बघा कन्व्हर्टर," सासऱ्यांनी नव्या डब्यावरून हात फिरवला. "कॉम्प्युटरात गाणं म्हणजे नुसते आकडे. त्यांचा सूर हा करतो. तेच काम आतल्या आत केलं की खरखर शिरते. म्हणून बाहेर, वेगळ्या डब्यात."

"म्हणजे एकाचं दुसरं करायचं, ते बाहेर."

"शाब्बास!"

संध्याकाळी सासूबाईंनी दुधाला विरजण लावलं. रंगोबानं पातेलं उचललं आणि अंगणात नेऊन ठेवलं. दुधाचं दही करायचं, मग बाहेरच की! सकाळी पातेलं लख्ख. शेजारी मांजर मिशा पुसत बसलेलं.

जावयाला ओरडायची सोय नाही. सासूबाई ओठ चावत म्हणाल्या, "असं उघडं टाकू नये हो. वर ताट घालावं, ताटावर वरवंटा ठेवावा."

"एवढंच ना मामी?"

दुपारी सासऱ्यांनी अँप्लिफायर चालू करून ठेवला. तासभर तापला की गोड वाजतो म्हणे. रंगोबाला तो उघडा दिसला. बिचारा! त्यानं त्याच्यावर गोधडी घातली, गोधडीवर परात, परातीवर वरवंटा. थोड्या वेळानं घरभर करपल्याचा वास. सासूबाई स्वयंपाकघरात धावल्या, तर गॅस बंद.

सासऱ्यांनी गोधडी ओढून काढली. अँप्लिफायर थोडक्यात वाचला. "जावईबापू! तापलेल्यावर पांघरूण घालतात? मोकळी हवा द्यावी! पंखा लावावा!"

"लावतो की मामा."

तिन्हीसांजेला कावेरीला ताप आला. रजई घेऊन पडली होती. रंगोबानं कपाळाला हात लावला. तापलंय! रजई काढून घेतली आणि पंखा लावला, पूर्ण जोरात.

दुसऱ्या दिवशी कावेरीची शिंकांवर शिंक. गळ्याभोवती शाल इतकी घट्ट, की मंगळसूत्रसुद्धा दिसेना. आवाज शिट्टीसारखा बारीक. "अहो, तुम्ही बाबांजवळ नुसते बसून राहा. काही करू नका!"

रंगोबा जाऊन बसला. सासरे शेवटचा डबा जोडत होते.

"हे काय मामा?"

"डिजिटल क्रॉसओव्हर. हा दारवान समजा. जाड आवाज मोठ्या स्पीकरकडे, बारीक छोट्याकडे. दारातच वेगळे करायचे. जाड आवाज छोट्यात घुसला तर छोटा फाटलाच!"

"आलंय कोण ते नाही बघायचं?"

"छे! नुसता आवाज ऐकायचा."

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. रंगोबा उठून दारात उभा राहिला.

"बोला!"

"नमस्कार," मुलाचे वडील म्हणाले. आवाज नगाऱ्यासारखा.

"मोठ्या खोलीत!"

"अगं बाई, हे काय?" मुलाची आई ढोलासारखी घुमली.

"तुम्हीपण तिकडेच!"

मागून निरंजन आला. बासरीचा आवाज. "चपला कुठं काढू?"

"कोठीच्या खोलीत."

"चपला?"

"चपला नाही, तुम्ही!"

मग रंगोबा स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला. वैजू पोहे घेऊन निघाली. "दाजी, वाट सोडा ना!" तिचा आवाज जन्मापासून भरदार. मोठ्या खोलीत! कावेरी पाणी घेऊन आली, "अहो, सरका," म्हणाली, की गेली कोठीत. सरमिसळ नको म्हणून रंगोबानं बाहेरून कडीही घातली.

मुलगा हातपाय धुतोय, असं समजून मोठ्या खोलीत सगळे थांबले. सासऱ्यांनी गाणं लावलं. काय वाजलं म्हणता! कोठीच्या दारावरची थाप कोणाला ऐकूच आली नाही. थापा मारून दमल्यावर कावेरीनं डबा उघडून निरंजनला लाडू दिला आणि गप्पा सुरू केल्या. तिला वाटलं, वैजूचा होणारा नवरा किती मनमोकळा! त्यानं वैजूचा फोटो पाहिलाच नव्हता. त्याला वाटलं, हीच मुलगी.

गाणं संपलं. रंगोबानं कडी काढून डोकावलं. निरंजन लाजत बाहेर आला आणि त्याच्या कानात कुजबुजला, "मला मुलगी पसंत आहे."

रंगोबानं पेढ्यांचा पुडाच उचलला. "मामा, तोंड गोड करा! जमलं!"

वैजूनं मान खाली घातली. मुलाची आई चकित झाली. "पण आमच्या निरंजननं अजून हिला पाहिलंच कुठं?"

"हिला कशाला? आमच्या कावेरीला पाहिलं की!"

सासऱ्यांच्या तोंडातला पेढा तोंडातच राहिला. रंगोबानं दुसरा पेढा मुलाच्या वडिलांच्या हातावर ठेवला आणि अदबीनं म्हणाला, "मुलीच्या स्वभावाची चौकशी बाहेर करत बसू नका हो. सहा वर्षं माझीच बायको आहे. हमी मी देतो!"