पडवीचं छप्पर

एकदा एक माणूस तीन वर्षं आपल्याच घरात अडकून पडला होता, आणि त्यात दोष त्याच्या आजाराचा नव्हता. दोष होता एका ज्ञानी म्हाताऱ्याचा. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण अशा गोष्टींत म्हातारे शेवटपर्यंत निर्दोष असतात आणि ऐकणाऱ्यालाही तीच सवय लागते.

हा म्हातारा म्हणजे डोंगरउतारावरच्या एका गावातला ख्रिस्ती उपदेशक. सगळी मंडळी त्याला बाबा म्हणे. शास्त्रातला कुठलाही उतारा द्या, बाबा त्यातून रोजच्या जगण्याला पुरेल असा बोध काढून दाखवत. चुलीपाशी उपयोगी पडेल असा, बांधावरच्या भांडणात उपयोगी पडेल असा. लोक शनिवारी दुपारी शास्त्राभ्यासाला येत. घरात जागा अपुरी पडू लागली म्हणून बाबांनी बोळाच्या बाजूला भिंत घालून, वर कौलं चढवून पडवी काढली. जुईचा वेलही सोडला. चांगल्या कामासाठी बांधलेली म्हणून कुणी हरकत घेतली नाही.

त्या बोळाच्या टोकाला शांतवनचं घर होतं. पडवी उभी राहण्याआधी काही महिने तो चिंचेवरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. त्याला बसवता येत नसे, पाठीवर घेतलं तर कळ मस्तकात जाई. न्यायचा तर बाजेवर आडवाच न्यायला हवा, आणि पडवी झाल्यावर बोळातून बाज निघेना. मागे कडा. म्हणून बाबा दर महिन्याला प्रभुभोजनाची भाकर घेऊन स्वतः त्याच्याकडे जात. शांतवन आभार मानी. एकदाच म्हणाला होता, "भाकर मिळते बाबा, मंडळी मिळत नाही." बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि धीराने सोसण्यावर दोन शब्द सांगितले होते.

बाबांचा एक शिष्य होता. दोन वर्षांपूर्वी धर्मशिक्षण अर्धवट टाकून आलेला, जिभेला हाड नसलेला. शांतवनच्या मुलीचं, सुवार्तेचं, सोमवारी ख्रिस्तमंदिरात लग्न होतं आणि आदल्या दिवशीच्या उपासनेत शिष्याला पहिला उपदेश करायचा होता. उतारा बाबांनीच निवडला होता: कफर्णहूमचा. घरात येशूभोवती दाटी झालेली, दार गाठता येत नाही, म्हणून चौघे जण छप्पर उकलून पक्षाघाती मित्राला खाली सोडतात आणि येशू त्याला पापांची क्षमा देऊन बरं करतो.

शनिवारी सगळे पडवीत बसले होते. शिष्याने आपले बोध सांगितले. मैत्री कशी असावी, विश्वास कसा असावा, वाट अडली तर दुसरी कशी काढावी. बाबा प्रसन्न झाले.

"उत्तम. काही राहिलं का?"

"एक राहिलंय," शिष्य म्हणाला. "ते छप्पर कुणाचं होतं?"

"शास्त्रात लिहिलेलं नाही."

"तिथलं नसेल. इथलं ठाऊक आहे." त्याने वर कौलांकडे पाहिलं. "मी आत्ता शांतवनकाकांकडून आलो. म्हणाले, पोरीचं लग्न घंटेच्या आवाजावर समजून घेईन. तीन वर्षं आपण इथे बसून वाट काढायला शिकतोय, बाबा, वाटेतच बसून."

कुणी खाकरलं. कुणी पुस्तकाची पानं चाळू लागलं. बाबा प्रार्थना न करताच उठून आत गेले. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

रविवारी उजाडताच बाबा शिडीवर होते. कौलं एकेक काढून खाली ठेवत होते. सत्तरी उलटलेला माणूस. शिष्य धावत आला, मागोमाग आणखी तिघे.

"बाबा, उतरा. आम्ही तासाभरात पाडतो."

"शिडीला हात लावायचा नाही."

"अहो, पडाल!"

"मग पडेन. बाजूला व्हा."

बाबांची बायको दारात उभी होती. "बांधताना विचारलं नाहीत, मोडताना तरी विचारा! माझा जुईचा वेल आहे तिथे."

शिष्याला राग आला. आता म्हाताऱ्याला सर्वांसमक्ष पश्चात्ताप करून मोठं व्हायचंय, त्याच्या मनात आलं, चूक यांची आणि टाळ्याही यांनाच. त्या सकाळी तो मंदिरात उभा राहिला आणि पाठ केलेलं बोलून मोकळा झाला. बाबा उपासनेला आले नाहीत. दुपारी तो परतला तेव्हा छप्पर उतरलं होतं आणि बाबा पहारीने भिंत पाडत होते. तळहात फुटले होते.

"बाबा, हे नाटक कशासाठी? चौघं असताना एकट्याने का?"

बाबा पहारीवर टेकले. धाप लागली होती.

"चौघांचं काम बाजेचं आहे, छपराचं नाही. कफर्णहूमच्या त्या घरधन्याचा विचार कर. तोही वचन ऐकायलाच बसला असेल. डोक्यावर माती पडली, वर भगदाड पडलं, आणि त्याने आरडाओरडा केल्याचं कुठे लिहिलेलं नाही. चाळीस वर्षं मी त्या चौघांवर बोललो. त्याच्यावर बोलायचं मला सुचलं नाही, कारण छप्पर असलेला माणूस मीच होतो. परक्यांनी उकललं असतं तर ते त्यांचं धाडस झालं असतं. मीच उकललं पाहिजे."

मग शिष्याकडे पाहून शांतपणे म्हणाले, "आणि तू म्हणालास ते खरं. पण पोरा, भिंत माझी होती, पाठ तुझीही होती. दोन वर्षं तिला टेकून बसलास."

शिष्य तिथून शांतवनकडे गेला, उद्यासाठी बाज तपासायला.

सोमवारी चौघांनी बाज उचलली. उजवीकडचा पुढचा खूर शिष्याच्या खांद्यावर होता. पडवीच्या जागी आले तसा शांतवन म्हणाला, "थांबा रे जरा." त्याने वर पाहिलं. तीन वर्षांत त्याने एवढं आभाळ पाहिलं नव्हतं. बाबा मातीच्या ढिगाशेजारी मान खाली घालून उभे होते.

"बाबा, देवाचे उपकार," शांतवन म्हणाला. "आणि तुमचेही. मान वर करा. पोरीचं लग्न आहे, असं तोंड करून नाही चालायचं."

शास्त्रात क्षमा बाजेवरच्या माणसाला मिळाली होती. इथे ती बाजेवरच्या माणसाने दिली. शिष्याने खूर खांद्यावर नीट घेतला आणि पाऊल उचललं. खांदा दुखत होता, आणि या दुखण्याबद्दल आभार बाबांचे मानायला हवेत हे त्याला आता कळत होतं. मंदिराच्या दारात सुवार्तेने बापाचा हात धरला. बाजेबरोबर आत चालत गेली ती हसत आणि रडत.

शास्त्राभ्यास आता चिंचेखाली उघड्यावर होतो. ऊन लागतं, माणसं थोडी कमी येतात. बाबांची पडवी गेली, जुई वाळली, आणि त्या चौघांवरचा चाळीस वर्षं चाललेला उपदेश त्यांना पुन्हा कधी करता आला नाही.