पान्याची सुट्टी

पेट्रोल स्वस्त होतं, त्या काळची गोष्ट. कोल्हापुरात बाळकृष्ण मेस्त्रींच्या गॅरेजात दोन इटालियन मोटारसायकली वर्षभर विकायला उभ्या होत्या, एक तांबडी आणि एक चंदेरी. रोज सकाळी पाना येऊन दोघींचे नटबोल्ट आवळून जाई. मग दिवसभर त्यांचं भांडण चाले.

"माझ्यासारखी पळणारी गावात नाही," तांबडी म्हणे.

"पळशील गं, पण भरवशाची मीच!" चंदेरी ठणकावी.

खंडेनवमीला इंद्रजित नावाचं गिऱ्हाईक आलं. त्याने बटण दाबलं तर तांबडी नुसतीच खोकली. चंदेरी मात्र ऐटीत निघाली, आणि कोपऱ्यावर बंद पडली. मेस्त्रींनी तिला ढकलत परत आणली.

"पानादादा, लवकर या! गिऱ्हाईक चाललंय!" दोघी एकदमच ओरडल्या.

पाना हळदकुंकू लावून पाटावर बसला होता. "आज आमची पूजा. आज हत्याराला कामाला लावत नाहीत, ठाऊक नाही?"

इंद्रजित मेस्त्रींच्या जुन्या स्कूटरवर मागे बसून घरी गेला.

तेव्हा पाना म्हणाला, "पोरींनो, वर्षभर कोण धावत होतं, कळलं ना आज?"