सगुणेचे सहावे अंग

घाट उतरून कोकणात पाऊल टाकलं की पहिलं गाव लागतं हरणखोल. गावाच्या कडेला नटेश्वराचं देऊळ आणि देवळाच्या ओवरीत कोंडोबा महाराजांचा मुक्काम. महाराज खरं तर चातुर्मासापुरते आले होते, पण गावानं त्यांना जाऊ दिलं तर ना! अंगावर एक घोंगडी, मुखी अखंड नाम, आणि बोलणं इतकं गोड की रडतं मूलही ऐकत बसावं.

त्याच देवळाच्या सभामंडपात नरहरपंत नर्तनाचार्यांची शाळा भरे. पंत तंजावरला राहून विद्या शिकून आलेले. ज्ञान थोर, यात शंका नाही. पण ताठाही तेवढाच थोर. सकाळी मुली ओळीनं उभ्या राहत आणि पंत छडी खांबावर आपटून एकेका अवयवाला हाक मारत. आधी सहा अंगं : शिर, हात, छाती, कुशी, कटी आणि पाय. मग खांदे, पाठ, पोट, मांड्या ही प्रत्यंगं. शेवटी डोळे, भुवया, गाल, ओठ, हनुवटी ही चिमुकली उपांगं. ज्याला हाक मारली त्यानंच ओ द्यायची, बाकीच्यांनी गप्प राहायचं.

"भुवई!" पंत ओरडत. "अगं ए, मी भुवईला बोलावलं होतं, गालाला आमंत्रण कुणी दिलं?"

मंडपाबाहेर पायरीवर बसून हे सगळं गुपचूप करणारी एक मुलगी होती. सगुणा, देवळात पखवाज वाजवणाऱ्या धाकू गुरवाची लेक. लहानपणी तापात तिचा डावा पाय लुळा पडला तो पडलाच. पण बाकीचं अंग न् अंग तिचं ऐकायचं. तिची एकटी भुवई अशी उचलली जायची, जशी पाण्यातून मासोळी वर यावी! फक्त पंतांनी "पाय!" म्हटलं की ती मान खाली घाली.

एकदा ती धीर करून आत गेली. "पंत, मला शिकवाल?"

पंत हसले. "पोरी, तुमच्या घरी अंगात येतं. इथे अंग शिकवावं लागतं. आणि तुझी अंगं किती? पाच! पाच अंगं असतात त्याला पंचांग म्हणतात. ते काखेत घेऊन हिंडायचं, नाचवायचं नाही!"

झालं! त्या दिवसापासून साऱ्या गावात तिचं नावच पंचांग पडलं. पाणवठ्यावर मुली विचारत, "काय गं पंचांग, आज तिथी कुठली?" सगुणा हसून वेळ मारून नेई, घरी मात्र घागर उतरवताना तिचे डोळे भरून येत.

एके सकाळी महाराज तिच्या शेजारी पायरीवर येऊन बसले. आत "पाय!" अशी हाक झाली. सगुणेची मान खाली गेली.

महाराज म्हणाले, "पोरी, बाकी सगळ्या हाकांना ओ देतेस. हिलाच का नाही?"

"ओ द्यायला पायच नाही, महाराज."

"अगं, आपण रोज म्हणतो ना, पाय दिसू देत, पायांशी ठाव दे? ते कुणाचे पाय गं?"

"देवाचे."

"मग! 'पाय' म्हटलं की तुला तुझाच का आठवतो?"

सगुणा हसली. इतकी साधी गोष्ट, पण तिच्या मनात आली नव्हती. त्या दिवसापासून "पाय!" अशी हाक आली की ती मान खाली घालायची थांबली. गाभाऱ्याकडे बघायची आणि नटेश्वराचं उचललेलं पाऊल मनात धरायची. तिचा पाय हलला का? मुळीच नाही. पण आता तिला त्याची लाज वाटेना.

पुढे देवाचा उत्सव आला. सकाळचा अभिषेक झाला, मंडप माणसांनी फुलला. पंतांच्या शिष्यिणींनी आपापले घुंगरू पूजेसाठी ताटात देवापुढे ठेवले. तेवढ्यात महाराज म्हणाले, "पंत, नाचाची पहिली सेवा सगुणेला करू द्या."

"बुवा, थट्टा करता? ती तर पंचांग!"

"मग बरोबरच आहे की! पंचांगावाचून मुहूर्त कसा निघायचा?"

लोक खळखळून हसले, आणि पंतांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ठीक आहे," ते म्हणाले. "पण शास्त्राप्रमाणे. मध्येमध्ये पखवाज थांबेल, तिथे एकट्या पायांनी उत्तर द्यायचं. ती जागा रिकामी गेली, तर ही मुलगी पुन्हा या देवळाची पायरी चढणार नाही. सगळ्यांसमोर सांगून ठेवतो."

धाकूनं पखवाज बाजूला सारला. जिचं बाळपण या पायऱ्यांवर गेलं, जिनं रोज या देवाला बेल वाहिला, तिला देऊळ बंद? "नको गं बाय," तो पुटपुटला. "घरी जाऊ."

सगुणेनं महाराजांकडे पाहिलं. महाराज डोळे मिटून नाम घेत होते. ती सरकत सरकत मंडपाच्या मधोमध आली आणि देवासमोर बसली. "वाजवा, बाबा."

पखवाज घुमला. तिचे हात उठले आणि कमळ उमललं, हरिण बावरलं, गंगा जटेतून उतरली. छाती भरून आली, कूस वळली, कंबरेतून वेल झुकावी तशी ती झुकली. डोळ्यांत आधी नवल, मग भक्ती. पाणवठ्यावरच्या त्याच मुली तोंडावर पदर धरून बघत राहिल्या.

आणि पखवाज थांबला.

पायांची जागा आली! सगुणेनं सवयीनं गाभाऱ्याकडे पाहिलं. देवा, पाय तुझे.

छुम् छनन छुम्!

घुंगरू बोलले. स्पष्ट, ठसठशीत, तालाच्या अचूक टोकावर. सगुणेला वाटलं, आपली दया येऊन कुणीतरी मुलगी साथ करते आहे. केवढा आधार वाटला तिला! पुन्हा पखवाज वाजला, पुन्हा थांबला, पुन्हा घुंगरांनी उत्तर दिलं. प्रत्येक वेळी आधीपेक्षा अवघड, आधीपेक्षा सुंदर. शेवटच्या समेवर तिनं हात जोडले.

सगुणा धापा टाकत मागे वळली. "घुंगरू कुणी वाजवले गं? फार उपकार झाले."

मुली ओळीनं बसलेल्या, सगळ्यांचे पाय उघडे. ताटातले घुंगरू हळदीकुंकवाखाली जसेच्या तसे, वरचं फूलही हललेलं नाही.

"कुणी नाही गं," एक जण कशीबशी म्हणाली. "आवाज गाभाऱ्यातनं येत होता."

नरहरपंत उठले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. साऱ्या मंडपात पावलांचा आवाज खऱ्या अर्थानं पारखणारा माणूस तोच एक! ते महाराजांसमोर आले, छडी हातातून गळून पडली.

"महाराज, जन्मभर पायांची विद्या शिकवली. माझ्या गुरूंची पावलं ऐकली, तंजावरच्या दरबारातली ऐकली. पण असं पाऊल मी ऐकलं नाही. ते माणसाचं नव्हतं." ते पायांवर वाकणार तोच महाराज झटकन मागे सरले.

"इकडे नको, पंत. देवानं ज्याच्या बदल्यात आपलं पाऊल दिलं, तो पाय तिकडे आहे."

पंत वळले. सगुणेनं घाबरून लुळा पाय परकराखाली ओढायला सुरुवात केली. "अहो पंत, हे काय! माझ्या पायाला नको!"

"आई, लपवू नकोस गं," पंत म्हणाले. "तेवढा एकच पाय देवानं आपला मानला."

आणि सहा अंगांच्या पलीकडे मोजायला कधी न शिकलेले नरहरपंत, भर उत्सवात, साऱ्या गावादेखत, गुरवाच्या लेकीसमोर आठही अंगांनी जमिनीवर लोटले.