केवडाची न रडणारी लेक

फार मागची गोष्ट. डोंगरापायथ्याला कुंभारांचं एक गाव होतं. तिथे केवडा नावाच्या सुनेला मुलगी झाली. गावाने पाळणा सजवला, कुंची शिवली, बारशाला घुगऱ्या वाटल्या.

मुलगी मात्र आवाजच करीना. खुळखुळ्याला हसत नसे, भूक लागली तरी नुसती कण्हत असे. केवडाही भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. लेकीला पाजतानासुद्धा तिच्या तोंडून शब्द फुटत नसे.

आधी गाव म्हणालं, "किती गुणी पोर!" मग म्हणालं, "मुकी दिसते." शेवटी बायका कुजबुजल्या, "आईचीच नजर लागली."

पाटलांनी देवळापुढे सगळ्यांना बोलावलं. "पोर दुसरीच्या ओटीत घाला. हिला माहेरी धाडा."

केवडाचा नवरा खाली मान घालून उभा राहिला. त्याची थोरली बहीण ठकू मात्र ताडकन उठली.

"पोर मुकी नाही, पाटील! दार वाजलं तरी दचकते. पण तिच्याशी बोलणार कोण? जिने बोलायचं, तिचाच आवाज आटलाय. ही बाळंत झाल्यापासून कुणी एकानं तरी विचारलं का, बाई गं, तू कशी आहेस? आणि तू रे!" ती भावाकडे वळली. "आमच्या घरात मुकं कोण असेल, तर तू आहेस!"

ती मायलेकींना घरी घेऊन गेली. भावाला पाणी भरायला लावलं. पोरीला कडेवर घेऊन स्वयंपाक केला, केवडाला झोपू दिलं.

एकदा केवडा रडत म्हणाली, "वन्सं, मला लेकीकडे बघवत नाही. मी वाईट आई आहे का?"

"नाही गं. तू आजारी आहेस. अंगाला ताप येतो, तसा तुझ्या मनाला आलाय. उतरेल."

उतरला, पण सावकाश. मधेच पुन्हा चढायचा. ठकू थकली, चिडली, पण हटली नाही. केवडा बोलू लागली. आधी ठकूशी, मग नवऱ्याशी, मग लेकीशी.

एका दुपारी पाजायला उशीर झाला. पोरीने मुठी आवळल्या, लालबुंद झाली आणि असा टाहो फोडला, की सगळी आळी दचकली. केवडा धावली. "अगं हो हो! रागावली माझी बाय?" पोरीने हुंदका गिळला, आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि "हूं" केलं.

पाटील नारळ घेऊन आले. "देवीची कृपा!"

ठकू दारात आडवी उभी राहिली. "आधी हिची माफी मागा."

सगळ्या आळीदेखत पाटलांना हात जोडावे लागले. केवडाने ऐकून घेतलं. माफ केलं, असं मात्र ती म्हणाली नाही.

तात्पर्य: बाळाचा आवाज ऐकायचा असेल, तर आधी त्याच्या आईचं ऐका.