दोरीचं दुसरं टोक

शेवट ओळखा बरं! ओळखलात तर माझ्या चंचीतलं पान तुमचं. पण पान जायचं नाही, मला ठाऊक आहे.

फार मागं वेत्रवती नगरात भद्रसेन राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व त्याच्या पदरी जमीन मोजणारा अमात्य होऊन जन्मले होते. राजाला मुलखाची भूक भारी. दक्षिणेचं कुरण त्यानं लढून घेतलं. हाती काय आलं? राख. माणसं पळाली, जाताना विहिरी बुजवून गेली. म्हणून भाताचं खोरं त्यानं शेजारच्या राजाकडून हंडाभर सोनं देऊन विकत घेतलं. “रक्ताचा थेंब नाही सांडला!” म्हणत मिशीला पीळ दिला.

आता मोजणी. रीत अशी, की दोरीचं एक टोक अमात्यानं धरायचं, दुसरं त्या मातीचं अन्न खाल्लेल्यानं. त्याशिवाय मालकी नाही. बोधिसत्त्व टोक धरून उभे. दुसरं चिखलात पडलेलं. कुणी हात लावीना.

“आजी, धरा की जरा.”

खोऱ्यातली थोरली म्हातारी सोणा लावणी करता करता म्हणाली, “ज्यानं सोनं घेतलं त्यालाच बोलव, बाबा. आम्हाला कुणी इचारलं?”

हत्तीवरून राजा गरजला, “दिवस मावळायच्या आत कुणी दोरी धरली नाही तर खोरं पेटवा!”

बोधिसत्त्वांनी हातातलं टोक खाली ठेवलं. एखाद्या शिपायाच्या हाती टोक देऊन ‘झाली मोजणी’ म्हटलं असतं, तर बक्षीस मिळालं असतं. पण ही माणसं आपल्याच घरात परकी झाली असती. ते पहिल्या झोपडीच्या दारात जाऊन बसले.

“पेटवा महाराज, माझ्यापासून सुरुवात करा. सोनं गेलंच आहे, खोरंही जाऊ द्या.”

राजानं डोकं खाजवलं. मशाली विझवायला सांगितल्या अन् हत्तीवरून उतरला.

“म्हातारे, मीच धरतो टोक.”

“तू? कधी खाल्लंस इथलं?”

“मग वाढ!”

“अगं बाई! फुकट जेवतोस होय रे? आधी लावणी कर. पीक येऊ दे. मग वाढते.”

शिपायांनी ओठ चावून हसू दाबलं. राजानं मात्र धोतर खोचलं.

तीच सोणा पुढल्या एका जन्मी भिक्षुणी उत्पलवर्णा झाली, राजा झाला बुद्धांचा शिष्य आनंद, आणि दोरीवाला अमात्य म्हणजे स्वतः तथागत बुद्ध. परक्यांसाठी झोपडीच्या दारात बसवणाऱ्या त्यांच्या त्या मायेला मैत्री म्हणतात.

आणि खोऱ्याची किंमत? हंडाभर सोनं तर बुडालंच. वर एक अख्खा पावसाळा राजा गुडघाभर चिखलात वाकला, अन् मोजणीच्या दिवशी सोणेनं वाढलेला भात खाऊन दोरीचं टोक धरलं, तेव्हा त्याला पाठ काही सरळ करता येईना.