नावेत बसून नाव ढकलणारा पहिलवान

एका नदीच्या काठी एक पहिलवान राहत होता. अंगापिंडाने असा, की दारातून आत यायचं तर आधी खांदे तिरके करायचा. भरल्या गाडीचं चाक चिखलात रुतलं की लोक बैलांना नंतर हाकत, पहिलवानाला आधी हाक मारत. तोही हातातला घास टाकून धावायचा. मनाने फार चांगला होता. फक्त आपल्याला कशाची भीती वाटते हे कुणाला कळू नये, म्हणून जिवाचा आटापिटा करायचा.

आणि त्याला भीती वाटायची पाण्याची. लहानपणी डोहात बुडता बुडता वाचला होता, तेव्हापासून पायाखाली पाणी आलं की त्याचा श्वासच अडकायचा. आंघोळ तो घरी तांब्यानेच करायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "माझ्या अंगाची आखाड्यातली माती नदीत कशाला कालवू?" ऐकणाऱ्याला वाटायचं, केवढा समंजस माणूस!

एकदा पलीकडच्या गावाने त्याचा सत्कार ठरवला. पहिलवान नवं धोतर नेसून सकाळच्या नावेत चढला आणि अगदी पुढच्या टोकाला, मानाच्या जागी बसला. मधे गुळाच्या ढेपा घेऊन एक व्यापारी होता. मागे, नावाड्याजवळ, एक म्हातारी सुईण अंग चोरून बसली होती. पलीकडे एक पहिलटकरीण अडली होती. मूल पोटात आडवं होतं, आणि ते वळवायचं कसब या म्हातारीच्याच हातात होतं.

नाव निम्म्यावर गेली आणि खर्रकन आवाज होऊन थांबली. पाण्याखालच्या वाळूत तिचं पुढचं टोक रुतलं होतं. नावाड्याने बांबू टेकवून रेटून पाहिलं. बांबू वाकला, पण नाव काही सुटेना.

"थोडं उतरायला लागंल मंडळी," नावाडी हात जोडून म्हणाला. "भार कमी झाला की नाव उचलंल."

व्यापाऱ्याने गुळाच्या ढेपांना मिठीच मारली. "अरे, माझे गुडघे बघ आधी!"

पहिलवानाने पाण्याकडे पाहिलं. पाणी गढूळ होतं, तळ काही दिसत नव्हता. पण तो मोठ्याने हसला. "उतरायची काय गरज? मी असताना? बसा सगळे!"

तो उभा राहिला, नावेच्या पुढच्या आडव्या फळीला त्याने दोन्ही तळवे लावले, पाय घट्ट रोवले आणि जोर केला. मानेच्या शिरा तटतटून फुगल्या. नाव गदगदा हलली.

"हलली! हलली!" व्यापारी ओरडला.

हलली खरी, पण पुढे तसूभरही गेली नाही. पहिलवानाने पुन्हा जोर लावला, पुन्हा नाव डोलली, पुन्हा व्यापाऱ्याने शाबासकी दिली. असं किती वेळ चाललं कोण जाणे. ऊन चढलं. पलीकडच्या काठावर त्या पहिलटकरणीचा नवरा उपरणं हलवून ओरडत होता, "आजी, लवकर या हो! तिला आता सोसवेना!"

तेवढ्यात धप्प आवाज झाला. सुईण लुगड्याचा काचा मारून पाण्यात उतरली होती. पाणी तिच्या मांड्यांपर्यंत आलं. नावाडीही उतरला. दोघांनी मागून रेटलं, पण म्हातारीचा भार तो केवढा आणि जोर तो केवढा! मग ती पाणी तुडवत पुढे पहिलवानापाशी आली.

"लेकरा, हातांनी तू नाव पुढं ढकलतोस आणि पायांनी तीच नाव मागं लोटतोस. मग ती जाणार कुठं? आणि नाव टेकलीय ती नेमकी तू बसलास तिथंच."

पहिलवानाचे कान लाल झाले. तो खाली वाकला आणि त्याने आवाज दाबून सांगितलं, "आजी, मला पोहता येत नाही."

"मला तरी कुठं येतं?" म्हातारी म्हणाली. "अरे, खाली वाळू आहे म्हणून तर अडकलो. पाणी खोल असतं तर नाव कधीच पार झाली असती. धर माझा हात."

पहिलवानाने तो सुरकुतलेला हात धरला आणि डोळे मिटून पाय खाली सोडला. पाणी गार होतं. मग तळव्याला वाळू लागली. तो उतरला तशी नाव चार बोटं वर आली.

आता त्याने मागे जाऊन बाहेरून खांदा लावला. पण टाचा वाळूत रुतायला लागल्या. जितका जोर करावा, तितका पाय खोल! नावाड्याने नावेतली एक रुंद फळी काढून त्याच्या पायांखाली सारली. भार फळीभर पसरला, पाय रुतायचे थांबले आणि रेटायला भक्कम जागा मिळाली.

"आजी, तुम्ही आत बसा," नावाडी म्हणाला. "पलीकडं धार आहे. एकदा सुटली की नाव थांबायची नाही." स्वतःही तो बांबू घेऊन वर चढला.

"आणि मी?" पहिलवानाने विचारलं.

नावाडी खाली मान घालून म्हणाला, "शेवटचा रेटा देणारा मागं राहतो, पैलवान. तुम्हाला न्यायला मी परत येतो."

पहिलवानाने चारी बाजूंना पाहिलं. जिकडे तिकडे पाणीच पाणी. वाटलं, अजूनही वर चढावं. मग त्याने म्हातारीकडे पाहिलं. ती पलीकडच्या काठाकडे बघत होती.

त्याने फळीवर पाय रोवले आणि रेटा दिला. तळाची वाळू करकरली. दुसऱ्या रेट्याला नाव सुटली आणि बघता बघता धारेला लागली.

पहिलवान भर नदीत एकटा उभा राहिला. आधी नुसता घाबरला, मग घाबरून घाबरून दमला, आणि मग शांत झाला. सत्काराची वेळ केव्हाच टळून गेली.

ऊन कलताना, धारेविरुद्ध झगडत, नाव परत आली. नावाड्याबरोबर तो नवराही होता. त्याने नावेतून पाण्यात उडीच टाकली आणि पहिलवानाचे पाय धरले.

"मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत. पण बायकोचा जीव अगदी कंठाशी आला होता. आजी म्हणाल्या, आणखी जरा उशीर झाला असता, तर त्यांच्याही हातात काही राहिलं नसतं. पैलवान, तुमच्या जोरामुळं माझं घर वाचलं!"

पहिलवानाने त्याला उठवलं. त्याचे स्वतःचे डोळे भरून आले होते.

"जोर तर मी केव्हापासून लावत होतो रे," तो म्हणाला. "उतरायलाच उशीर केला."

तात्पर्य: जे पुढे न्यायचं आहे त्याच्यावरच आपण भार होऊन बसलो असू, तर आतून कितीही जोर केला तरी ते फक्त हलतं; ते पुढे जायला हवं असेल, तर आधी आपल्याला खाली उतरावं लागतं.